तरवडाला बांधलेली चिंधी

आत्मकथन लिहिण्याइतकं माझं वय नाही आणि आयुष्यात सांगण्यासारखं घडलंही फारसं नाही, हे मला ठाऊक आहे. पुस्तकं लिहिणारी माणसं निराळी असतात असं मी अजूनही मानतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील कशीबशी सही करायचे, आईला तीही येत नाही. अशा घरातल्या माणसानं स्वतःबद्दल लिहायला बसायचं म्हणजे न बोलावता पंगतीत जाऊन पाट ओढून घेतल्यासारखं वाटतं. तरी लिहितो आहे, कारण मला एका वेलीबद्दल सांगायचं आहे, आणि ती वेल ओळखणारी माणसं आता बोटांवर मोजावी इतकीच उरली आहेत. त्यातला एक मी आहे, एवढाच माझा अधिकार. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथं रस्ता चढून माळावर येतो तिथं. आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती आणि वर्षातले कितीतरी महिने घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर लादलेलं बिऱ्हाड असायचं. मला आठवतं तेव्हा मेंढरं संपली होती, चार शेळ्या होत्या आणि डोंगराच्या उताराला लागून थोडं हलकं रान होतं. आबा, म्हणजे माझे वडील, मी शाळेत असतानाच गेले. मग घर थोरल्या भावावर, अण्णावर आलं. तो तासगावकडं द्राक्षबागांत ट्रॅक्टरवर औषध फवारायला जायचा आणि संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला त्या औषधाचा वास असायचा. आंघोळ केली तरी जायचा नाही. आई तोपर्यंत चुलीवर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं चढवायची. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा आणि ते गरम माडगं, यापलीकडं जेवण असू शकतं हे मला साताऱ्याच्या वसतिगृहात गेल्यावर कळलं. तिथं रोज भात मिळायचा. पहिल्या आठवड्यात मला तो सण असल्यासारखा वाटला आणि दुसऱ्या आठवड्यात मी माडग्याच्या आठवणीनं रडवेला झालो.

घराच्या मागं डोंगरावर पवनचक्क्या होत्या. त्यांचा आवाज आमच्या सगळ्या बोलण्याखाली सतत चालू असायचा, कुणीतरी मोठं पांघरूण झटकत असल्यासारखा. पाहुणे विचारायचे, "ह्या आवाजानं झोप कशी येती रं तुमाला?" आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. साताऱ्याला गेल्यावर पहिल्यांदा तो नसलेला ऐकू आला.

पावसाळ्यात शेळ्यांमागं डोंगरावर गेलं की आबा खुरप्यानं उकरून खरपुडी काढायचे. खरपुडी म्हणजे जमिनीत असणारा चपटा, गोल गड्डा, साधारण लहान बटाट्याएवढा. वर दोऱ्यासारखी बारीक वेल असते, ती झुडपाच्या आत चढते आणि माहीत नसलेल्या माणसाला दिसत नाही. आबा गड्डा धोतराला पुसून कच्चाच द्यायचे. मला मात्र आईनं चुलीच्या राखेत भाजलेला आवडायचा. वर साल करपलेली, आत पांढरा, थोडा चिकट, थोडा गोड. वेलीला फूल येतं की नाही हे आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. फूल खायचं नसतं, मग ते बघणार कोण.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रात्यक्षिकाच्या तासाला एक जाड कागद काढला. त्यावर वाळवलेली एक वेल चिकटवली होती, तपकिरी, चहाच्या डागासारखी. सर म्हणाले, हे कंदीलपुष्प. याची भावंडं इकडं साताऱ्याच्या पठारांवर आहेत, पण ही जात कोरड्या डोंगरांची. तरुणपणी त्यांनी ती एकदाच फुललेली पाहिली होती, कवठे महांकाळच्या बाजूला. नंतर अनेकदा गेले, सापडली नाही. मग त्यांनी फळ्यावर खडूनं आधी फूल काढलं, छोट्या कंदिलासारखं, आणि खाली गड्डा काढला. गड्डा बघितल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ही तर खरपुडी."

"तुला माहीत आहे?"

"हो सर. आम्ही खातो."

वर्ग इतका हसला की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "याला परीक्षेला चिकटवलेली वेल देऊ नका सर, चघळून टाकील." सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "कुठल्या उतारावर?" त्या इमारतीत मला कुणी माझ्या गावाबद्दल काही विचारावं असं पहिल्यांदाच घडत होतं. मी उभा राहून उतार सांगितला. पूर्वेचा, तरवडाची झुडपं आहेत तो. 

सरांना गड्डा नको होता. त्यांनी दुसऱ्या कोरड्या भागातल्या कंदीलपुष्पांचे गड्डे आणून बागेत लावून पाहिले होते आणि साताऱ्याच्या पावसात ते दोन्ही वेळा कुजून गेले होते. त्यांना पिकलेलं बी हवं होतं. बियांपासून वाढवलेली रोपं इथल्या मातीला सवय करून घेतील आणि टिकतील, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीला त्यांची फार वर्षं राहिली नव्हती. "एकदा वाढवून दाखवायची आहे," एवढंच ते म्हणाले. कुणाला दाखवायची ते बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. बी आणून त्यांच्या हातावर ठेवलं की आपण या इमारतीतले होऊ, असं मला वाटायला लागलं. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी अगदी तसाच विचार करत होतो.

घाई करायला आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारापर्यंत आलं. माळावर पाइप पडले आणि ज्यांनी जन्मभर आभाळाकडं बघितलं ती माणसं रानं सपाट करायला लागली. अण्णालाही द्राक्षं लावायची होती. दुसऱ्यांच्या बागांत फवारण्या करून तो कंटाळला होता, आणि स्वतःच्या बागेचं स्वप्न बघण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. त्यासाठी पूर्वेचा उतार मोडावा लागणार होता. मी श्रावणात घरी गेलो आणि त्याला सांगितलं की तिथं एक वेल असते, तिचं बी मिळेपर्यंत थांब.

"कुठली वेल?"

"खरपुडी."

"खरपुडी?" अण्णा भाकरी हातात तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला. "आरं, साताऱ्याला शिकाय घातला तुला, आन् तू खरपुडी शिकून आलास व्हय? आबा फुकाट शिकवत हुतं की."

"अण्णा, लय दुर्मिळ हाय ती."

"दुर्मिळ न्हाई तर काय! आपुनच खाऊन संपिवली." तो हसला, मीही हसलो; आई तेव्हा मागं शेळ्यांची धार काढत होती, तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही. मग तो गंभीर झाला. "दिवाळीपतोर थांबतो, जा. दिवाळी झाली की जेसीबी सांगितलाय. त्याच्याम्होरं मला काय सांगू नगंस."

मी उतार पिंजून काढायला लागलो. लहानपणी आबा चालता चालता वाकायचे आणि काढायचे, त्यामुळं ती सगळीकडं असते अशी माझी समजूत होती. तशी ती नव्हती. शेळ्यांनी, पोरांनी, खुरप्यांनी तिला कधीच संपवत आणलं होतं आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं. मी सकाळी भाकरी बांधून निघायचो आणि प्रत्येक तरवडापुढं गुडघ्यावर बसून आत बघायचो. कुसळं कपड्यांत शिरायची. खालून रस्त्यावरून जाणारे लोक मला हाक मारायचे, "काय हारवलं रं?" मी हात हलवायचो. आई दारातून बघत असायची. तिनं मला काही विचारलं नाही. एकदा फक्त जेवताना म्हणाली, "तब्येत बरी हाय न्हवं तुजी? मन लागतंय का तिथं?" मी हो म्हणालो. कॉलेजचं काम आहे असंही सांगितलं, पण गुडघ्यावर बसून झुडपांपुढं वाकणं हे कुठल्या कॉलेजचं काम असतं, हे तिला पटलं नसावं.

सुट्टी संपत आली तेव्हा ती सापडली. एका तरवडाच्या आतल्या फांदीला तिनं विळखा घातला होता आणि मध्येच एक फूल. बोटाच्या पेराएवढं, खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि टोकाला पाच बारीक पाकळ्या वाकून एकमेकींना चिकटलेल्या. खरंच कंदील. आत एक चिलटासारखी माशी अडकली होती. सरांनी सांगितलं होतं की फूल माशीला आत घेतं आणि कोमेजायला लागल्यावर सोडून देतं. मी तिथं पोटावर पडून राहिलो. जन्मभर जी गोष्ट मी खाल्ली होती तिचं तोंड मी पहिल्यांदा बघत होतो. माझ्या साध्या मोबाइलवर फोटो काढला, त्यात नुसता हिरवा धब्बा आला.

आता प्रश्न ती पुन्हा सापडण्याचा होता. फूल गळलं की वेल गवतात हरवते आणि बी पिकायला दिवाळी उजाडते. शेंगा धरल्या की त्या जोडीनं येतात, सुईसारख्या बारीक. पिकल्या की फुटतात आणि प्रत्येक बीला रेशमासारखा तुरा असल्यानं सगळं वाऱ्यावर जातं. त्यामुळं फुटायच्या आत शेंगांवर मलमलीची पिशवी बांधायची, असं सरांनी शिकवलं होतं. सरांच्या पत्नीनं त्यासाठी दोन छोट्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. पण सध्या जागेची खूण करायला हवी होती. भाकरी ज्यात बांधून आणली होती ते आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं, हिरवं, लाल काठाचं. त्याचा काठ फाडून मी तरवडाच्या वरच्या फांदीला बांधला. लांबून दिसेल असा. मग साताऱ्याची गाडी पकडली.

मधले दिवस मी वसतिगृहात कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. सर रोज दिसले की भुवया उडवायचे आणि मी मान हलवायचो, एवढंच आमचं बोलणं. अण्णाला फोन केला की म्हणायचा, "हाय तुझा डोंगर जाग्यावर, पळून गेला न्हाई." एकदा आईनं फोन घेतला. "तुजं काम व्हतंय बग," ती म्हणाली. "म्या हाय हितं. तू काळजी करू नगं." आई तशी नेहमीच बोलते, म्हणून मी त्याचा काही अर्थ काढला नाही.

दिवाळीच्या सुट्टीला कराड, विटा, तासगाव करत मी गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. घरी न जाता पिशवी खांद्यावर तशीच घेऊन मी थेट उतार चढलो. काठ लांबूनच दिसला. वाऱ्यावर हलत होता आणि आता तो एकटा नव्हता. त्याच्याशेजारी आणखी तीन-चार चिंध्या होत्या, एक पिवळी, एक फुलांची, लोकांनी येता-जाता बांधलेल्या. तरवडाखालची जमीन खरवडून साफ केली होती. गवताची काडी नव्हती. शेणानं सारवलं होतं आणि त्यावर पाच दगड मांडले होते, चुन्यानं पांढरे केलेले, प्रत्येकावर शेंदराचं बोट. पुढं उदबत्तीची राख होती.

आमच्याकडं माळावर चिंध्यादेव असतात, हे इतर भागातल्या वाचकांना सांगायला हवं. वाटेवरच्या एखाद्या बोरीला किंवा तरवडाला कुणीतरी मनात काहीतरी धरून चिंधी बांधतो. पुढचा त्याला दुसरी बांधतो. कुठला देव, काय नाव, कुणी विचारत नाही. मीही लहानपणी बांधल्या आहेत. पण साताऱ्याला राहून मला चिंधी म्हणजे खूण वाटायला लागली होती.

मी झुडपाच्या आत हात घातला. फांद्या साफ केलेल्या होत्या. मातीत बोटं घालून उकरून पाहिलं, सारवण उचकटलं. काही नव्हतं. मग मी त्या पाच दगडांसमोर बसून राहिलो आणि वर पवनचक्क्यांचा आवाज मला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, घराजवळ असताना ऐकू आला.

आई अंगणात होती. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिला माझ्या हातांची माती दिसली. "आदी तिकडंच गेलास न्हवं?" ती म्हणाली. "मला ठाऊकच हुतं. पाया पडलास?"

"आई, ते कुणी केलं?"

"कुणी म्हंजी? म्या." ती हात पुसत जवळ आली. "शेळ्या घिऊन गेलती वर, तवा दिसला काठ. माझ्याच लुगड्याचा, वळखीन न्हाई व्हय? म्हटलं, पोरगं आठ दिस झुडपाफुडं गुडघं टेकतंय, काईतरी धरलंय मनात. म्या काय इचारलं न्हाई. नवस फिटंपतोर बोलायचा नसतो. तू सांगू नगं आन् म्या इचारत न्हाई. पर जागा तर निगुतीनं राखाय पायजे. दर आयतवारी जाती. येक वेल हुती तरवडाला गुंडाळल्याली, शेंगा बी धरल्या हुत्या बारक्या, हिरव्या. वडून काडली. देवाच्या जागंला रान कशाला?"

  तिच्या गुडघ्यांना तेव्हा वात होता, पायऱ्या चढताना ती मध्ये थांबायची, आणि तो उतार चांगल्या माणसाला दम लावणारा आहे. शेण, चुना, पाणी, सगळं ती डोक्यावरून वर घेऊन गेली होती. दर रविवारी.

"आन् गंमत सांगू का?" ती आत जाता जाता म्हणाली. "मुळीला खरपुडी निगाली. कवाच्यान् न्हाई घावली मला. तुला लय आवडती म्हणून ठिवली हुती." माझ्या मनात एकदम आलं की गड्डा आहे, गड्डा असेल तर अजून सगळं संपलेलं नाही. सरांचे गड्डे कुजले असतील, हा कुजणार नाही. मी तिच्यामागं आत धावलो. आई चुलीपुढं वाकली, चिमट्यानं राख बाजूला सारली आणि काळा झालेला गड्डा बाहेर काढून फुंकर मारली. "अण्णानं सकाळी सांगितलं तू यायचा हाईस म्हणून. दुपारीच घातली राखंत. खा, गरम हाय."

मी तो खाल्ला. साल काढली, आत पांढरा होता, थोडा चिकट, थोडा गोड. आई समोर बसून बघत होती आणि विचारत होती, "लागती का रं आबांच्या वक्ताला लागायची तशी?" मी म्हणालो, "लागती." घास गिळताना मला एकच वाटत होतं, की माझ्या चेहऱ्यावर तिला काही दिसू नये.

सरांना फोन केला तो घराच्या मागं जाऊन. सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाजलेली कशी लागते रे?" मी सांगितलं, रताळ्यासारखी, पण कमी गोड. "बरं," ते म्हणाले. "येतो मी."

ते पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आले. एवढ्या लांबून, पिशवी आणि काठी घेऊन, एसटीनं. आमच्या घरात प्राध्यापक येण्याची ती पहिलीच वेळ. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, करंज्यांचं ताट पुढं ठेवलं आणि दाराआडूनच बोलत राहिली. "आवं, आमच्या पोराचं नीट चाललंय न्हवं तितं?" सर म्हणाले, "फार चांगलं चाललंय." मग तिनं स्वतःच त्यांना वर नेलं, देवाची जागा दाखवायला. मी मागून चालत होतो. सरांनी ते पाच दगड पाहिले, चिंध्या पाहिल्या, आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. हात जोडले. आईकडं वळून म्हणाले, "जागा फार स्वच्छ ठेवलीय तुम्ही." आई लाजली. मी उताराच्या खालच्या बाजूला बघत उभा राहिलो.

आई घरी गेल्यावर आम्ही दोघांनी उतार पुन्हा धुंडाळला. सर या वयात झुडपांखाली आडवे होत होते. काही मिळालं नाही. शेवटी त्यांनी आणलेल्या पिशवीत त्या तरवडाखालची माती भरून घेतली, दगडांच्या कडेकडेची, वरवरची. "गेल्या वर्षीची एखादी शेंग इथंच फुटली असेल," ते म्हणाले. "एखादं बी दगडाच्या फटीत बसलं असेल." तसं होण्याची शक्यता किती, ते आम्हा दोघांना माहीत होतं. उतारावर पाच वाजता कसा वारा सुटतो तेही आम्ही दोघं अंगावर घेतच उभे होतो. माती वजनदार झाली. फाट्यापर्यंत मी ती उचलून नेली आणि सरांनी गाडीत ती मांडीवर घेतली.

जेसीबी आला. अण्णानं दिलेला शब्द पाळला होता आणि आता माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. उतार पायऱ्यापायऱ्यांनी सपाट होत गेला, तरवड मुळासकट ढीग होऊन पडले. एक तुकडा मात्र तसाच राहिला, बाजेएवढा. पाच दगडांची जागा. ड्रायव्हरनं यंत्र थांबवून सांगितलं, "ह्येला म्या न्हाई हात लावायचा." अण्णाही म्हणाला, राहू दे. आजही त्या बागेत द्राक्षांच्या रांगा तिथं येऊन वळसा घालतात. डोंगराच्या त्या सबंध अंगाला न मोडलेली जमीन तेवढीच आहे, आणि तिथं आई गवताचं पातंसुद्धा उगवू देत नाही.

मी पदवी घेतली. पुढं शिकायचं होतं, झालं नाही. इस्लामपूरजवळ उसाची रोपं तयार करणाऱ्या एका रोपवाटिकेत काम मिळालं, तिथंच अजून आहे. दिवसभर एकसारख्या ट्रेमध्ये एकसारखी रोपं. वाईट काम नाही. सरांनी ती माती कॉलेजच्या बागेतल्या कुंड्यांत पसरली होती. मी दर महिन्याला फोन करायचो आणि ते सांगायचे, गवत आलंय, तरवडाची रोपं आलीत, सराटा आलाय. मग एका पावसाळ्यात म्हणाले, "एक वेल वर आलीय."

मी रजा काढून गेलो. काडीला विळखा घालत होती, बोटभर उंच. पान लांबट होतं. आमच्या वेलीचं पान गोलसर आणि मांसल असतं. पण रोप लहान असताना पान वेगळं असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं, सावलीमुळं होतं, मातीमुळं होतं, असंही सांगितलं. शिकलेला माणूस अशा वेळी स्वतःला पुष्कळ सांगू शकतो. सरांना विचारलं, "तीच आहे ना सर?" ते कुंडीला पाणी घालत होते. म्हणाले, "फुलाशिवाय नाव घ्यायचं नाही." मी ते शास्त्र समजून घेतलं आणि आनंदानं इस्लामपूरला परत गेलो.

त्या वर्षी फूल आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. सर निवृत्त झाले आणि ती एक कुंडी घरी घेऊन गेले. मी फोन करत राहिलो. वेल किती वाढली, किती पानं, कुठं पोहोचली, ते सगळं सांगायचे. माझ्या खोलीतल्या सोबत्यांनासुद्धा तिची चौकशी करायची सवय लागली होती. "काय म्हणतीय रं तुजी वेल गड्या? लगीन कवा?" गावी गेलो की आई रविवारचं वर जाऊन यायची, माझ्याकडं बघायची आणि काही न विचारता भाकरी थापायला बसायची. नवस फिटला की तिला तिथं नारळ फोडायचा होता. तिनं तो आणूनही ठेवला होता.

फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत पाणी मारत होतो. सरांचा नंबर बघून पाइप खाली टाकला.

"फूल आलं," सर म्हणाले.

 पाणी पायांवरून वाहत होतं. मी विचारलं, "कसं आहे सर? कंदील?"

"नाही. अगदी बारीक, आतून जांभळट. अनंतमूळ आहे."  अनंतमूळ कुठंही उगवतं, बांधाला, वाटेला, कुणी वळूनही बघत नाही. मुळीचा एखादा तुकडा मातीतून आला असणार. "पानावरून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तुझे फोन यायचे. मग म्हटलं, फूल येईपर्यंत तरी राहू दे."